पूर्ण चार तास

डब्लिनच्या डायलिसिस सेंटरमध्ये आठवड्यातून तीनदा मला मशीनला जोडणारा टेक्निशियन सीरियाचा होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. सुई टोचण्याआधी तो माझ्या हातावर बोटं टेकवून, डोळे मिटून शिरेतली रक्ताची थरथर तपासायचा. मग मशीनच्या घरघरीत मला गुंगी यायची. खिडकीबाहेरचा बर्फ आत, माझ्या अंगावरच हलके हलके पडतोय असं वाटायचं.

एकदा मी म्हणालो, "आज तासभर आधी सोड ना यार. मीटिंग आहे."

तो स्टूल ओढून शेजारी बसला. "युद्धात आमच्या हॉस्पिटलात तीनच मशीन उरली होती. चार तासांचे आम्ही दोन केले, म्हणजे सगळ्यांना मिळावं. तरी एक म्हातारे शिक्षक दीड तासातच म्हणायचे, 'माझं झालं, बाहेर थांबलेल्या त्या बाईंना बसव.' मी त्यांचं ऐकत गेलो."

"मग?"

"हिवाळा संपायच्या आत ते गेले."

मी फोन काढला आणि मीटिंग कॅन्सल केली. चार तास पूर्ण झाल्यावर सुई काढताना त्यानेच मला हळू आवाजात थँक यू म्हटलं.