मरताना भाव कर

"आवाजातून माशाचा वास आला पाहिजे, ताई."

हेडफोनमध्ये वाक्य आलं आणि बटण सुटलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत तुम्ही काचेच्या आत असता. ते बाहेर असतात. त्यांनी बटण दाबलं तरच त्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं. तुमचं मात्र सगळं त्यांना ऐकू जातं, अगदी श्वाससुद्धा. बटण सुटल्यावर काचेपलीकडे तिघं हसताना दिसले. नुसती तोंडं हलत होती. एकाने नाक धरल्याचा अभिनय केला. मग त्याच्या लक्षात आलं की मी बघतेय. त्याने नाक खाजवल्यासारखं केलं.

नाक धरलेलं मी आधी पाहिलं होतं. ठाण्याच्या शाळेत. माझी आई पाटी घेऊन नौपाड्यात मासे विकायची आणि मी त्याच भागात शिकायचे. वर्गात माझी जागा खिडकीपाशी. का, ते बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "वारा लागू दे तिला." कधी तपासणीला कुणी येणार नसलं, तास रिकामा असला, की मला उभं करायच्या. "बोल गं तुमच्या भाषेत काहीतरी." मी बोलायचे. वर्ग हसायचा. एकदा मी सांगितलं, आज घरी कुणी आजारी आहे. तरी हसले. त्या दिवशी मला कळलं की मी काय बोलते याच्याशी त्यांचा संबंध नाही. माझ्या तोंडातून निघतंय एवढं त्यांना पुरतं.

मग मी त्यांची भाषा शिकले. रडत नाही शिकले, रागाने शिकले. इतकी शिकले की पुढे त्याच आवाजावर पोट भरलं. मालिकांतल्या सुशिक्षित सासवा, जाहिरातींतल्या काळजी घेणाऱ्या आया, बँकेच्या फोनवरची बाई. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत लोक मला विचारतात, तुम्ही मूळच्या पुण्याच्या का. मी नाही म्हणते. पुढचं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नसे.

म्हणून हे काम आलं तेव्हा मी हुरळले. व्हिडिओ गेम. मराठीत. खाडीकाठच्या गावात घडणारा. त्यात एक कोळीण आहे आणि तिला खरी बोली हवी. दिग्दर्शक तन्मय, तिशीतला, हुशार, नम्र. फोनवर म्हणाला, "आम्हाला ऑथेंटिक पाहिजे." इतक्या वर्षांत माझी बोली मला कुणी मागितली नव्हती.

मी कळव्याला गेले, मावशीकडे. मावशी आमच्या गावची धवलारीण. आमच्यात हळदीला आणि लग्नाला धवला गाणारी बाई लागते, तिच्याशिवाय विधी पुरा होत नाही. ती गाऊन आधी देवांना आवतण देते, मग घरातल्या मेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेते. आजा, पणजा, बुडालेला काका, लहानपणी गेलेली पोर. सगळ्यांनी लग्नाला यायचं. मावशी थकली आहे. तिच्या नातीची हळद आता मी गायची, असं तिने ठरवून टाकलं आहे.

"आपली बोली त्या खेलान येनार?" मावशीने विचारलं.

"येणार."

"मंग नीट बोल गो बाय. आपली मानसा आयकतीन."

आवाजाची चाचणी घ्यायला त्यांनी ठाण्याच्या स्टुडिओत बोलावलं तेव्हा तन्मय म्हणाला, "तुमच्या भाषेत काहीही बोला." काहीही म्हणजे काय? आमच्याकडे नव्या ठिकाणी नवं काम धरताना आधी देवाचं नाव घेतात. मला दुसरं सुचलं नाही. मी धवल्याच्या सुरुवातीच्या ओळी गायले. आवतणाच्या. गाताना आजोबांचं नाव आपोआप तोंडात आलं. काचेपलीकडे सगळे गप्प झाले होते. मला वाटलं, त्यांना ते भिडलं.

आता परत त्या दिवसाकडे, माशाच्या वासाकडे.

समोर वाक्यं होती. गेममध्ये पात्राचं बोलणं असं सुटं सुटं घेतात. विकतानाचं वेगळं, शिवी वेगळी, मार लागल्याचं वेगळं, मरणाचं वेगळं. एकदा बोललेलं वाक्य खेळणारा जितक्यांदा खेळेल तितक्यांदा वाजतं. माझ्या कोळणीला नाव नव्हतं. तिच्याकडे पाच शिव्या होत्या, एक फसवणूक होती आणि एक दारूतलं हसणं. भाषा आमची नव्हतीच. कुठल्याही गावची नव्हती. सिनेमातल्या गावठी माणसाला देतात ती.

मी सांगून पाहिलं. "तन्मय, हिला नाव द्या. ही का चिडली आहे ते एका वाक्यात येऊ दे. आणि गावातली एक तरी कोळीण साधी असू दे. नायकाला वाट दाखवणारी, पाणी देणारी. सगळं गावच कसं चोर आणि बेवडं?"

बटण. "ताई, गेम आहे. समाजशास्त्र नाही."

"मग निदान बोली तरी आमची घ्या. मी लिहून देते."

"ती कळणार नाही लोकांना. मजा घालवायची आहे का?" मग जरा मऊ आवाजात, "आम्ही प्रेमानेच करतोय हो. आमच्याकडे मासे चालत नाहीत, पण लग्नात कोळीगीत लागलं की माझी आई पहिली नाचते."

मी पुढचं वाक्य म्हटलं. अजून घाण करा, म्हणाला. केलं. अजून लाउड. केलं. हात उडवून बोला, माइकसमोर असलात तरी उडवा, आवाजात येतं. मी हात उडवले. काचेत माझं प्रतिबिंब हात उडवत होतं आणि त्याच्या आरपार ते तिघं दिसत होते. शाळेतला रिकामा तास. फरक इतकाच की आता मी स्वतःहून उभी राहिले होते.

"आता सीन दाखवतो, म्हणजे मूड कळेल."

पडद्यावर खाडी आली. ओहोटीची, काळी. चिखलात एक बाई उभी. कासोटा घातलेला, हातात कोयता, दात काळे, डोळ्यांत बुबुळं नाहीत. कपाळावर माझ्या आईसारखं आडवं कुंकू. तिने तोंड उघडलं आणि माझा आवाज आला.

धवला होता. चाचणीतला. संथ केलेला, खाली ओढलेला, विहिरीतून आल्यासारखा. पण मीच होते. आजोबांचं नाव आलं आणि चिखल हलला. एक हात वर आला. मग डोकं. मग अजून हात. सगळे कोळी, टोप्या घातलेले, फुगलेले, कमरेला रुमाल गुंडाळलेले. ते उठले आणि नायकाच्या अंगावर चालून गेले. नायकाने एकेकाला कापलं. कापल्यावर ते परत चिखलात जात आणि धवला पुन्हा सुरू होई.

माझे आजोबा खाडीतच गेले. होडी सापडली होती, ते तिसऱ्या भरतीला मिळाले. हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. मी नाव गायले होते आणि त्यांनी ते नाव वापरलं होतं, इतकंच.

"कसलं भारी झालंय ना?" तन्मय म्हणाला. "अंगावर काटा येतो. आता तिचं मरण घेऊ. जरा कॉमेडी आहे, म्हणजे भीतीनंतर रिलीफ. वार बसला की ती कोसळते आणि मरताना भाव करते. 'घे ना रं... कमी करते... ताजी हाय...' आणि संपली. पोरं खूप हसतील."

मी वाक्यांचा कागद उलटा ठेवला.

"ताई, रोलिंग."

"नाही."

"काय झालं? वाक्य समजलं नाही का?"

"समजलं. मी म्हणणार नाही. आधीचंही काढून टाका. आणि तो धवला आज, माझ्यासमोर पुसा."

बटण सुटलं. काचेपलीकडे तोंडं हलली. या वेळी कुणी हसत नव्हतं. बराच वेळ हलली. मी हेडफोन काढला नाही. मला त्यांचं उत्तर त्याच वाटेने हवं होतं, जिथून अपमान आला होता.

बटण. "ताई, तुम्ही इमोशनल होताय."

"इमोशनल नाही. नाही म्हणतेय, इतकंच. तुझ्या आईच्या तोंडी मरताना भाव घालशील?"

"माझी आई मासे विकत नाही."

म्हणाला आणि त्यालाच ऐकू आलं असावं, कारण बटणावरचं बोट दचकून सुटलं. पण वाक्य आत आलं होतं. मी हेडफोन स्टँडवर ठेवला आणि बाहेर आले. कुणी अडवलं नाही. दारातून जाताना तन्मय न बघता म्हणाला, "तुम्ही नाही बोललात तरी आवाज आहे आमच्याकडे."

त्याचा अर्थ चार दिवसांनी फोनवर कळला. तो अगदी सौम्य होता. चाचणीचा आवाज त्यांचाच असतो, म्हणाला, म्हणून गाणं राहील. मरणाचं वाक्य मशीनकडून माझ्याच आवाजात बोलवून घेतील. दिवसभराचं रेकॉर्डिंग आहे, तेवढं पुरतं. "तुमचाच आवाज, आणि तुम्हाला काही त्रास नाही."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने बोलून पाहिलं, नुसतं "पाणी" असं. मला माझा आवाज परका वाटला. कुठेतरी, कुठल्यातरी खोलीत तो माझ्याशिवाय बोलत असेल. ती भीती अजून आहे. गेली असं मी लिहिणार नाही.

मावशीला सांगितलं. वाटलं होतं चिडेल, नातीची हळद मला गाऊ देणार नाही. तिने खाटेवर बसून सगळं ऐकलं.

"नाव घेतलंस का तू तिथं? आज्याचा?"

"घेतलं."

"मंग तो गेला आसंल तिथं." मग म्हणाली, "आन् त्यांनी त्याला उपाशी ठेवलाय. बोलावल्याला उपाशी नाय ठेवीत. ज्यानी बोलावला त्यानी पान वाढाचा."

तेव्हा माझं ठरलं. त्यांना लेखी कळवलं आहे की या आवाजाला माझी परवानगी नाही, ना घेतलेल्या, ना मशीनने काढलेल्या. आवाजाचं काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक बाईला फोन केला आहे. काय म्हणायला सांगतात, कुणाच्या तोंडी घालतात, ते माइकसमोर जाण्याआधी विचारा. नकार दिला तर मला कळवा. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी कामात आहे म्हणून सांगितलं. मावशीच्या नातीची हळद मी गाणार आहे, सगळी नावं घेऊन, आणि ती माझ्या नावानिशी रेकॉर्ड होणार आहे. धवला काय असतो ते ज्याला ऐकायचं त्याने तिथे ऐकावं. गावदेवीच्या देवळात मी पडद्यावर पाहिलेलं जसंच्या तसं सांगितलं. एका बाईने फक्त त्या स्टुडिओचा पत्ता विचारला.

गेम अजून निघालेला नाही. निघेल त्या दिवशी मी तो पाहणार. ती बाई चिखलात उभी राहून गायला लागली आणि आवाज माझा असला, तर आम्ही ठाण्याला त्या काचेपाशी जाऊ. मी, मावशी, पाट्या घेऊन बाजारातून परस्पर येणाऱ्या बायका. वासासकट.

बोलावलंय त्यांनीच. आता पान वाढायची तयारी ठेवावी.