तिसऱ्या नळीचं टोपण

साठीला दोन वर्षं उरली असताना बाईंना परिषदेसाठी परदेशी जायला मिळालं, आणि वाट्याला आला होस्टेलच्या सहाजणींच्या खोलीतला वरचा पलंग. कॉलेजनं तिकीट दिलं होतं, राहण्याचं तुमचं तुम्ही बघा म्हणून हात झटकले होते. गुडघ्यांनी शिडीला साफ नकार दिला, तेव्हा खालच्या पलंगावरच्या अनोळखी मुलीनं मुकाट्यानं आपली उशी वर टाकली. बाई एरवी दहा वेळा आभार मानत्या. आज त्यांचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं.

त्यांच्या पिशवीत एक जुनी वही होती.

चोवीस वर्षांपूर्वी बाई धरून तिघा संशोधकांनी एका तळ्याचा गाळ काढला होता. लांब नळी गाळात ठोकायची, भरली की दोन्ही तोंडांना टोपण लावायचं: वर लाल, खाली काळं. गाळातले परागकण मोजले की काठावर कधी रान होतं आणि कधी शेती, ते कळतं. टोपणं लावायचं काम बाईंचं. गेल्या महिन्यात कपाट आवरताना वही हाती लागली आणि तिसऱ्या नळीपुढे त्यांच्याच अक्षरात ओळ दिसली: 'लाल टोपणं संपली. वर काळं, खाली पांढरं.' हे त्यांनी वहीला सांगितलं होतं, माणसांना सांगायचं राहिलं. प्रयोगशाळेनं काळं बघितलं आणि नेहमीप्रमाणे तो तळ धरला. उलट्या नळीवर तिघांचा निबंध छापला गेला.

"तिथंच सांगून ये," नवरा म्हणाला होता. "परत आणलंस तर सामानाचं वजन वाढेल."

दुपारी निबंधातले बाकीचे दोघं होस्टेलवर आले. एक मास्तर, विद्यार्थी असल्यापासून सगळ्यांच्या चुका काढायचे म्हणून हे नाव पडलेलं, आता मोठे विभागप्रमुख. दुसरी टिकटिक, जी मुठीतल्या मोजणीयंत्राचं बटण अंगठ्यानं दाबत दिवसभर परागकण मोजायची. दोघांची सोय चांगल्या हॉटेलात होती, पण त्यांना जुन्या दिवसांसारखं एका टेबलाशी बसून चहा प्यायचा होता.

होस्टेलच्या स्वयंपाकघरात चहा झाला, कोण म्हातारं दिसतं यावर भांडण झालं. बाई हसत होत्या आणि मांडीवरच्या पिशवीतली वही चाचपत होत्या. मग मास्तर म्हणाले, "उद्या दहाला माझं भाषण. आपल्या तिसऱ्या नळीवरच उभं आहे बघ सगळं."

बाईंनी वही टेबलावर ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"चोवीस वर्षं," ते म्हणाले. "माणसं आली आणि रान तोडलं, हे मी चोवीस वर्षं पोरांना शिकवतोय."

"माणसं गेली आणि रान परत आलं," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. उद्या तोंडघशी पडण्यापेक्षा आज मला काय बोलायचं ते बोल."

मास्तर उठून खिडकीशी गेले. बाईंना वाटलं, झालं, मैत्री संपली.

"प्रयोगशाळेत नळी कापली मी," टिकटिक हळूच म्हणाली. "पांढरं टोपण मलाही दिसलं होतं. मी विचारलं नाही."

"आणि मी सगळ्यांच्या चुका काढतो," मास्तर खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "ही वही मी कधी मागितली?"

ते परत येऊन बसले आणि लॅपटॉपवर तिसऱ्या नळीच्या मोजणीचा तक्ता उघडला.

"चूक कोणाची ते सांगताना भाषणात माझं नाव घे," बाई म्हणाल्या.

"घेणार तर. वही इतकी वर्षं जपली कोणी, आणि ती घेऊन इथवर आलं कोण, ते सांगायला नको?"

बाईंना एवढं ऐकायची तयारी नव्हती. शिव्या खायच्या तयारीनं आलेलं माणूस रडायचं कसं थांबवणार?

"रडून झालं की वाच," मास्तर म्हणाले. "शेवटच्या आकड्यापासून."

बाईंनी डोळे पुसले आणि तक्ता खालून वर वाचायला घेतला. टिकटिकचा अंगठा रिकाम्या मुठीवर आपोआप हलू लागला.