मैत्रिणीच्या पाटावर

धाडच्या बाजाराला जीपमध्ये दाटीवाटीने बसून जायचो आम्ही दोघी. ती गेली, आणि पितृपक्षात तिच्या जागी जेवायला बसायचा मान माझ्याकडे आला. आमच्याकडे तशी रीतच आहे. घरातली म्हातारी विधवा गेली, की तिच्या वयाची विधवा बाई बोलवायची, पाय धुऊन पाटावर बसवायची आणि गेलेलीच्या आवडीचं वाढायचं. जेवून उठेपर्यंत ही बाई म्हणजे तीच.

तिला कारलं फार आवडायचं. मला मेलं ते कधी गिळवलं नाही. पहिल्या वर्षी पाण्याच्या घोटाबरोबर ढकललं आणि घरी येऊन सुनेला बजावलं, "माह्या पाटावर जे कोणी बसन, तिले कारलं वाढू नको. माह्या आवडीचं कर."

सुनेने हसण्यावारी नेलं. मला मात्र ते मनापासून हवं होतं. जन्म सगळा दुसऱ्यांच्या आवडीचं रांधण्यात गेला. मेल्यावर तरी ताट माझं असावं.

यंदा भरदुपारी गेले. तिच्या मुलाने पाय धुतले, डोकं टेकवलं. एरवी तो मला मावशी म्हणतो. "जेव माय. काही कमी पडलं त सांग."

मी जेवू लागले. बघते तर तिची सून पळी धरून तशीच उभी.

"काय झालं वं?"

"मावशी, तुमी डाव्या हातानं जेवून राह्यल्या."

डावखुरी ती होती. सासूने चटके दिले तरी तिची सवय मोडली नव्हती. हात बदलला, ताटात पाहिलं, तर कारलं संपलेलं. आणि खोटं कशाला बोलू, मला आणखी हवं होतं.

घरी आले तेव्हा सून मेथी निवडत होती. काय मनात आलं तिच्या, म्हणाली, "आत्याबाई, मांगं तुमी बोलल्या होत्या. सांगून ठेवा, तुमाले काय आवडते?"

एवढी वर्षं याच प्रश्नाची वाट पाहिली होती. मी तोंड उघडलं.

"कारलं."

"ते त त्यायचं," सून हसली. "तुमचं सांगा."

मी आठवू लागले. माहेरची चूल आठवली, आईचे हात आठवले, त्या हातांतलं ताटही आठवलं. ताटात काय होतं ते काही केल्या दिसेना.

सून निवडलेली मेथी उचलून कुकर लावायला उठली. "राहू द्या, कारलंच करत जाईन."

मला रडू आलं. आणि तोंडाला पाणीही सुटलं.