बोक्याचा उजवा डोळा

माझ्या दोघा नातवंडांनो,

तुमच्या कुत्रीचं चित्र हवं म्हणून तुम्ही अकरा फोटो पाठवलेत आणि मी उलट पंधरा प्रश्न पाठवले. त्याचा तुम्हाला कंटाळा आला, असं तुमच्या आईकडून कळलं. फोटोत सगळं दिसतंय, मग आजी इतकं कशाला विचारते? प्रश्न रास्त आहे. उत्तर फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. मी चित्राला हात घालण्याआधी तुम्ही हे वाचावं.

शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. नंतर सगळी नोकरी विम्याच्या ऑफिसात क्लेमचे कागद तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोकांच्या कुत्र्यामांजरांची चित्रं काढायला लागले, तेव्हा चित्र काढायची आणि कागद तपासायची अशा दोन्ही सवयी कामाला आल्या. प्रत्येक प्राण्याची वेगळी फाईल. फोटोची मोठी प्रिंट काढायची, तिच्यावर पेन्सिलने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कागदावर आखायच्या आणि एकेक उतरवत जायचं. प्राण्याखेरीज फोटोत जे काही असेल, सोफा, पडदे, माणसं, ते सगळं पांढऱ्या कार्डपेपरने झाकायचं, म्हणजे नजर भरकटत नाही. माझ्या या पद्धतीचा मला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी लालबागहून एक बाई दादरला माझ्याकडे आल्या. साठी ओलांडलेल्या, नीटनेटक्या. त्यांच्या सासूबाई गिरणी कामगारांची खानावळ चालवत. गिरण्या बंद पडल्या, खानावळ आटली, आता या बाई एकट्याच राहतात आणि ऑफिसवाल्यांना डबे देतात. त्यांच्याकडे एक बोका होता. गॅलरीतून आपणहून आला आणि नऊ वर्षं राहिला. मारामारीत त्याचा एक डोळा गेला होता. माझ्याकडे येण्याच्या महिनाभर आधी तो मेला होता. फोनमध्ये त्याचे फोटो पुष्कळ होते, सगळे त्याला मांडीवर घेऊन, हात लांब करून स्वतःच काढलेले. "दुसरं कोण आहे घरात काढायला?" त्या म्हणाल्या. मी त्यातला सर्वात स्पष्ट फोटो निवडला. बोक्याबद्दल काही विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही.

तीन आठवड्यांनी त्या चित्र न्यायला आल्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "ताई, त्याचा उजवा डोळा गेलेला. तुम्ही डावा घालवलात."

मी फाईल उघडली आणि प्रिंट पुढे ठेवली. समोरासमोर बघताना डाव्या-उजव्याचा असा गोंधळ पुष्कळांचा होतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं, ऑफिसात क्लेमवाल्यांना समजावायचे त्याच आवाजात. "पण तो मांडीवर माझ्याकडे पाठ करून बसायचा, त्याचा उजवा तो माझा उजवाच," असं काहीसं त्या म्हणाल्या. मी प्रिंटवर बोट ठेवलं. फोटो त्यांच्याच फोनमधला होता.

"मग मी इतकी वर्षं ताटली चुकीच्या बाजूला ठेवत होते काय?" हे त्यांनी मला नाही, स्वतःलाच विचारलं. त्याला उजवीकडचं दिसत नाही म्हणून त्या मच्छीची ताटली नेहमी डावीकडे सरकवत. हातही डावीकडूनच लावत, नाहीतर तो दचके.

मी म्हणाले, "आपल्या वयात होतं असं." त्यांनी मान हलवली, चित्र पिशवीत घातलं आणि निघाल्या. मुलांनो, हे वाक्य मला आजही आठवतं.

आठवड्याने मी ती फाईल बंद करायला घेतली. कपाटात ठेवण्याआधी प्रिंटवरचे कार्डपेपर काढायचे असतात, ते काढले. बोक्याच्या मागे त्या बाईंचा हसरा चेहरा पहिल्यांदाच नीट दिसला. चमकी उजव्या नाकपुडीत होती. पदर उजव्या खांद्यावर. मागच्या कॅलेंडरातले आकडे उलटे. काही फोन समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा करून ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. पण ते कळायला तो चेहरा पुरेसा होता, आणि तो मी माझ्या हाताने झाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी लालबागला गेले. दुसऱ्या मजल्यावर त्या दारात बसून मेथी निवडत होत्या, शेजारीण मदतीला होती. चित्र भिंतीवर दिसलं नाही. मी विचारल्यावर शेजारणीनेच सांगितलं की ते कपाटामागे आहे, आणि आठवडाभर या मजल्यावर प्रत्येकाला विचारून झालंय, बोक्याचा कुठला डोळा गेला होता. "अर्धे उजवा म्हणतात, अर्धे डावा. तुम्ही दोन्ही डोळे दिले असतेत ना ताई, भांडणच मिटलं असतं."

त्या बाई हसल्या नाहीत. चित्राकडे बघितलं की बाकीचंही खरं होतं का, असं वाटायला लागतं, म्हणाल्या. "तो माझे पाय चाटायचा, ते तरी बरोबर आठवतंय ना?"

मी प्रिंट त्यांच्या हातात दिली, या वेळी काहीही न झाकता. म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. चूक माझी आहे."

त्यांनी फोटोतली चमकी बघितली, मग स्वतःच्या नाकाला हात लावला. पुन्हा फोटो बघितला. शेजारीण वाकून बघायला लागली तशी त्यांनी तिला कोपराने बाजूला केलं.

"म्हणजे मी त्याला नीट बघितलं होतं," त्या म्हणाल्या.

मग उठून गॅस बारीक करून आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "आणि वय कोणाचं काढलंत, ताई? तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या." शेजारीण इतकी हसली की मेथी सांडली. मला तो टोमणा हवाच होता.

दुसरं चित्र काढताना मी चौकटी आखल्याच, पण आधी त्यांच्याजवळ बसून विचारून घेतलं: कुठल्या कुशीवर झोपायचा, कुठला कान आधी वळायचा, हात लावल्यावर डोकं कुठे न्यायचा. त्या सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. एकदाही "नक्की ना?" असं विचारलं नाही. त्या चित्रात बोका डावीकडे जरासा वळलेला आहे. तसा फोटो त्यांच्या फोनमध्ये एकही नव्हता.

पहिलं चित्र मी परत मागून घेतलं. फाडलं नाही. काय चुकलं ते त्याच्या मागे लिहून फाईलमध्ये ठेवलं आहे. दुसरं लालबागच्या त्या खोलीत, डब्यांच्या फळीच्या वर, भिंतीवर आहे. दोन्ही अजून आहेत.