आमच्या हॉलमधले इन्व्हेस्टर

हे कुणालाही सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलंय. पण आमच्या मुलुंडच्या हॉलमध्ये दर रविवारी इतकं काही घडायचं, की न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से साठतच जातात. आणि मी फारशी बोलत नाही. चहा नेऊन देते आणि पडद्यामागे अभ्यासाला बसते.

हॉलमध्ये तिघं असायचे. बाबा, त्यांच्या ऑफिसातले सावंतकाका आणि या दोघांना 'इन्व्हेस्टर' बनवणारे देसाईसर. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "स्वतःच्या पैशाने फ्लॅट घेतो तो गिऱ्हाईक. बँकेच्या पैशाने घेतो तो इन्व्हेस्टर!"

"आणि हप्तो कोण भरतलो?" सावंतकाकांनी विचारलं.

"भाडेकरू! तुम्ही नुसता चहा प्यायचा."

काकांनी लगेच कप माझ्यापुढे धरला. "मगे आणखी अर्धो ओत गो बाय!"

*

बँक फ्लॅटचे सगळे पैसे देत नाही, थोडे आपले घालावे लागतात. बाबांकडे तेवढेही नव्हते. सर म्हणाले, "सोप्पंय! त्या थोड्यासाठी पर्सनल लोन काढा."

"म्हणजे कर्ज मिळवायला कर्ज?"

"यालाच लिव्हरेज म्हणतात!"

मी डिक्शनरी उघडली. लिव्हर म्हणजे तरफ. तरफेला टेकू लागतो, हे आम्हाला विज्ञानात होतं. आपला टेकू कुठला, ते सरांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

*

दोघांनी कल्याणच्या पुढे एकेक फ्लॅट बुक केला. ताबा मिळेपर्यंतचे हप्ते बिल्डर भरणार होता. एकदा मलाही साइट बघायला नेलं. तिथे एक मोठा खड्डा होता. खड्ड्यात पाणी आणि पाण्यात एक म्हैस.

बाबांचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. सावंतकाकांनी आभाळाकडे बोट दाखवलं. "तो कावळो उडता ना, थयच तुझो बेडरूम!"

सगळे खूप हसले. बाबाही हसले. पण त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी दहावीत आहे. रस्ता ओलांडतानाही ते आता माझा हात धरत नाहीत.

*

मग काम बंद पडलं. बिल्डरने हप्ते भरायचं थांबवलं. कर्ज बाबांच्या नावावर, त्यामुळे बँकेचा वसुलीवाला बाबांना फोन करू लागला. आईला फ्लॅटचं माहीत आहे, हप्ते थकल्याचं नाही; म्हणून त्याचा नंबर बाबांनी 'मोरे' नावाने सेव्ह केलाय.

एकदा जेवताना फोन वाजला. आईने स्क्रीन बघितली. "अहो, हे मोरे रोज आठवण काढतात तुमची. एकदा जेवायला तरी बोलवा की!"

बाबांना इतका ठसका लागला, की मला उठून पाणी द्यावं लागलं.

*

देसाईसरांचा फोन लागेनासा झाला. सावंतकाकाही येईनात, म्हणून आम्ही त्यांच्याकडे जोगेश्वरीला गेलो. काकू मालवणला गेल्या होत्या. दाराला बाहेरून कॅलेंडर लावलेलं.

"अरे, कॅलेंडर बाहेर कशाला?" बाबांनी विचारलं.

"येणाऱ्या-जाणाऱ्याक तारीख कळता!"

तेवढ्यात वाऱ्याने पानं उडाली. खाली बँकेची नोटीस चिकटवलेली होती. काकांनी राहतं घर गहाण ठेवलं होतं, आणि बँक आता ते ताब्यात घेणार होती. काकांनी पानं हाताने दाबून धरली. "तुझ्या वयनीक अजून म्हायत नाय," ते म्हणाले.



*

मागच्या आठवड्यात बाबा एका माणसाला घरी घेऊन आले. "पेंटर आहे. एस्टिमेट द्यायला आलाय," ते आईला म्हणाले.

आई इतकी खूश झाली! किती वर्षं ती रंग काढायचं म्हणतेय. "हॉलला फिका पिवळा हं. आणि मुग्धाच्या खोलीला आकाशी."

त्या माणसाने खोल्या मोजल्या. लाइटच्या मीटरचा फोटो काढला, मग दारावरच्या पाटीचाही.

"पाटीपण रंगवणार?" आईने विचारलं.

"हो, हो," बाबा घाईने म्हणाले.

तो गेल्यावर बाबांनी मला जिन्यात गाठलं. मी त्या माणसाच्या फाइलवर बँकेचं नाव वाचलं, हे त्यांनी पाहिलं होतं.

"घराची किंमत काढायला आला होता. हे घर गहाण ठेवायचं आणि थकलेले हप्ते भरून टाकायचे. बस, एवढंच. आईला बोलू नकोस."

"पण घर तर आईच्याही नावावर आहे ना?"

"म्हणून तर सांगतोय!"

*

आणि हा आजचा किस्सा. बाबा आत्ताच कागदांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात गेलेत. मला इथे सगळं ऐकू येतंय.

"रंगकामाला सोसायटीची परवानगी लागते गं. फुल्या केल्यात तिथे सही कर."

"एवढे कागद? रंगाला?"

"नियम बदललेत."

"थांबा, माझे हात कणकेचे आहेत." मग आईने हाक मारली, "मुग्धा, इकडे ये गं! बाबांना घाई झालीय. हे जरा मोठ्याने वाच, म्हणजे मी हात धुऊन सही करते."

"अगं, तिचा अभ्यास चाललाय..."

"दोन मिनिटांत काही बुडत नाही. मुग्धा!"

'आले' म्हणून मी ओ दिलीय. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत 'गहाणखत' असं छापलंय ते मला माहीत आहे, कारण सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी ते वाचलंय. बाबा दारात येऊन उभे राहिलेत आणि माझ्याकडे बघतायत. आई पुन्हा हाक मारतेय. मी जर ती पहिली ओळ आहे तशी वाचली, तर...