काकांचं कोपर

शर्टाची बाही वर सारायची, कोपर पाण्यात बुडवायचं, डोळे मिटायचे आणि जरा वेळाने म्हणायचं, "हां, आता पाणी माणसात आलं." काका म्हटलं की मला आधी हे आठवतं. त्यांचं कोपर कुठेही पुढे यायचं. कँटीनमध्ये चहा आला की आधी ग्लासाला कोपर लावून बघत आणि मगच उचलत. कँटीनवाले सरदारजी सुरुवातीला वैतागायचे. पुढे तेच विचारायला लागले, "उस्तादजी, ठीक है?"

काका चंडीगडमधल्या आमच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपचे फोरमन. मिरजेकडचे, लग्न न केलेले, मनीमाजऱ्यात एका गल्लीत खोली घेऊन राहणारे. लेथवरच्या कामातला केसाएवढा फरक बोटाने ओळखायचे. पण चंडीगडच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने होतं. काका बाळांना अंघोळ घालायचे. त्यांची आई मिरजेत घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीचं करायची. तिला मुलगी नव्हती, म्हणून ते कसब काकांकडे आलं. आमच्यासारख्या नोकरीपायी इकडे आलेल्यांची माहेरं दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर. कुणाची आजी वेळेवर पोचली नाही, की काकांना निरोप जायचा.

तुमच्यापैकी कुणी चंडीगडचा जानेवारी काढला असेल तर मला जास्त सांगायला नको. आमची मुलगी अशाच एका जानेवारीत झाली. तेव्हा आमच्या क्वार्टरमध्ये फोन आलेला नव्हता. सांगलीहून सासूबाई निघायच्या आदल्या दिवशी अंगणात पडल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, हे मला मार्केटमधल्या एसटीडी बूथवर उभ्या उभ्या कळलं. माझी आई तर आधीच गेलेली. म्हणजे घरात आम्ही दोघं आणि ती तीन किलोची मुलगी.

पहिली अंघोळ बायकोनेच घातली. तेल जरा जास्त झालं आणि बाळ तिच्या हातातून निसटलं. मी वरच्यावर झेललं, लागलं काहीच नाही. पण त्या दिवसापासून बायको बाळाला उचलेना. दूध पाजायचं तेही आडवं पडून. मी मुलीला तिच्याजवळ ठेवायचो आणि पोट भरलं की उचलायचो. बायको रडायची, जेवायची नाही. एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला हे जमणार नाही. आईचा पाय बरा झाला की तुम्ही हिला सांगलीला सोडून या." मला घाबरायला झालं. बाळाला सोडून या म्हणाली होती, स्वतः जाते असं नाही.

मी वर्कशॉपात जाऊन काकांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "पाट हाय का घरात?" नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका स्कूटरवर धुक्यातून आले ते माकडटोपी घालून आणि स्वतः रंधा मारून केलेला पाट मागच्या सीटवर बांधून.

मी शास्त्रज्ञ असल्यामुळे तयारीत होतो. ऑफिसातून डिजिटल तापमापक आणला होता. तो बादलीत सोडला, आकडा अडतीस आला, मी अभिमानाने बाजूला झालो. काकांनी कोपर बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. "साहेब, यात चहा हुईल."

मी आकडा दाखवला. त्यांनी माझीच बाही वर सारून माझं कोपर पाण्यात घातलं. मी ओरडलो. ऑफिसात जाऊन पाहिलं, तर तो तापमापक मी नादुरुस्त उपकरणांच्या फळीवरून उचलला होता. खाली पडलेली चिठ्ठीही सापडली. 'वापरू नये' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, खाली माझीच सही.

काकांची अंघोळ बघण्यासारखी असायची. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटावर पाय लांब करून बसायचे आणि नडगीवर बाळ पालथं घालायचे. हात चालू, तोंडही चालू. "आता पाठ. आता ह्यो खांदा. आता फिरवू." एखादा सुटा भाग घासून तयार करत असल्यासारखं. मुलगी हूं की चूं करायची नाही. शेजारच्या भाभीजी बाळंतिणीला देतात त्या पंजिरीचा डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "आपके यहाँ बंदे नहलाते हैं?" हो, आमच्याकडे पुरुषच अंघोळ घालतात, असं मी सरळ सांगून टाकलं. त्यानंतर त्यांचे यजमान मला पाहिलं की दुसऱ्या जिन्याने जाऊ लागले. पंजिरी बायकोसाठी होती, पण ती खात नसल्यामुळे माझं वजन वाढलं.

काका बायकोला एका शब्दाने उपदेश करत नसत. नुसतं काम सांगत. वहिनी, जरा टॉवेल धरा. वहिनी, तांब्याने पाणी सोडा. तीन आठवड्यांत ती खुर्चीवरून स्टुलावर आणि स्टुलावरून पाटाशेजारी आली. पण बाळाला हात लावायची वेळ आली की उठून जायची. तिकडे सांगलीत प्लास्टर निघालं आणि तिने माझ्यामागे तिकिटांचा लकडा लावला.

मग एका सोमवारी काका हाताला भलीमोठी पट्टी बांधून आले. लेथवर हात कापला म्हणाले. मी सुरक्षा समितीवर होतो. लगेच विचारलं, कधी, कुठे, अपघाताचा अर्ज भरला का? काका अर्जाचं नाव काढू देईनात. पाण्याची बादली भरलेली, बाळ उघडं, बाहेर कडाक्याची थंडी.

"आता अंघोळ कोण घालणार?" बायकोने विचारलं.

"तुमी हाईसा की," काका म्हणाले. "मी हितंच बसतो."

ती काकांच्या हाताकडे बघत राहिली. मग साडी वर खोचली आणि पाटावर बसली. तिने बाळ नडगीवर घेताच मी पुढे झालो. काकांनी मला डोळ्यांनीच मागे सारलं. साबण लावताना बाळ पुन्हा निसटलं, आणि तिने धरलं.

"गावलं का न्हाई?" काका म्हणाले.

बायको रडायला लागली, पण हात थांबवले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली, कारण मलाही रडू येत होतं.

गुरुवारी मी अपघाताचा अर्ज घेऊन वर्कशॉपात गेलो, नियम म्हणजे नियम. काका दोन्ही हातांनी कानस चालवत होते. कुठल्याच हाताला ओरखडा नव्हता. पट्टी नीट गुंडाळून खिडकीत ठेवली होती.

"सकाळी परत बांधतो," ते शांतपणे म्हणाले. "वहिनींस्नी बोलू नका."

मी बोललो नाही. तिकिटं काढायचा विषयही घरात पुन्हा निघाला नाही. काका पंधरा दिवस नुसते येऊन बसायचे, कोपराने पाणी बघायचे, चहा पिऊन जायचे. पुढे निवृत्त होऊन मिरजेला गेले. पाट आमच्याकडेच राहिला.

मागच्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. काका गेले. आमची मुलगी आता कॉलेजात आहे, मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. "वही, पाटवाले काका?" एवढंच तिने विचारलं. संध्याकाळी मला राहवेना. इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित मी बायकोला सांगितलं, की काकांचा हात कधी कापलाच नव्हता.

ती चहा गाळत होती. गाळणं खाली ठेवून म्हणाली, "मला माहीत होतं. सोमवारी पट्टी उजव्या हाताला होती, मंगळवारी डाव्या."

मी रोज तिथेच उभा होतो, मला काही दिसलं नव्हतं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"एवढा सरळ माणूस माझ्यासाठी रोज खोटं बोलायला येत होता," ती म्हणाली. "मी पट्टीचं बोलून उठून गेले असते तर त्याने कुठे बघायचं?"

आणि चहाचा ग्लास माझ्या हातात देण्याआधी तिने बाही वर सारून त्याला कोपर लावून पाहिलं.