चौथी पत्रावळ

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण चार वाक्यांत एका माणसाला जवळजवळ मारण्याचा मूर्खपणा एकदाच केला. तेव्हा मी दहा वर्षांची होते, कन्नड शाळेत जात होते, आणि अख्ख्या म्हैसुरात माझ्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी खात्री होती. दोन वेण्या, बोटांना शाई आणि नाक सदैव वर. आज ती पोर समोर आली तर मी तिला आधी पोटभर जेवायला घालीन आणि मग एक चापट देईन.

आम्ही नजरबादेत राहायचो. वडील महाराजांच्या रिसाल्यात, त्यांची नेमणूक बंगळुराला, आई त्यांच्यापाशी. शाळेसाठी मला आजीजवळ ठेवलेलं. घरात आजी, मी आणि वडिलांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका. काकाही रिसाल्यातलाच. तो घोड्यांबरोबर बाहेरगावी असताना प्लेगाच्या एकाच फेऱ्यात त्याची बायको आणि दोन मुलं गेली. तो परत आला तेव्हा काकूचं लुगडं दोरीवर तसंच वाळत होतं.

गल्लीच विरळ झाली होती. समोर कन्नड कुंभार, टोकाला उर्दू बोलणारे टांगेवाले, मागच्या अंगाला तमिळ कारकून, मधे आम्ही मराठी, आणि आमच्या मधे मधे कुलपं. कुलूप लावलेल्या घरांवरून जाताना मी पळत जायची. आतून कुणी हाक मारेल ही भीती नव्हती. हाक ओळखीची निघेल, ही होती.

काकाला झोप येईना, म्हणून अफू सुरू झाली. परवान्याच्या दुकानात मिळायची, हळदीइतकी उघड. आधी झोप आली. मग झोपेत काकू आली. मग ती जागेपणीही येऊ लागली, मुलांना घेऊन. जेवायला बसलं की तो म्हणे, "आई, हिला वाढ. पोरांना वाढ." आजी निमूट त्याच्या शेजारी तीन पत्रावळ्या मांडे, चिमूटभर भात ठेवी आणि नंतर गाईला घाली. त्या जागी बसायचं नाही, हा घरातला नियम. मी समोर बसून त्या भातावर नजर ठेवी. शितं कमी होताना मी कधी पाहिली नाहीत. पण नजर हलवायचं धाडसही कधी केलं नाही.

आजीनं त्याला अफू सोड असं एकदाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "बाजारातून आणून खाऊ नकोस. मी वळून देईन." ती खलबत्ता घेऊन बसे. गोळी दिसायला तेवढीच, पण आत अफू हळूहळू कमी आणि काडेचिराईत, कात, चिंचेचा कोळ जास्त. तरी शरीराला कळायचंच. त्याचे पाय वळत, नाक गळे, जांभयांवर जांभया येत. आजी पायांना तेल चोळी, पेज पाजी आणि त्याला एकटं म्हणून सोडत नसे. दिवसभर दोर वळायला बसवी. घरात इतका दोर झाला की साऱ्या गल्लीची गुरं बांधता आली असती.

आणि मग एके दिवशी त्यानं मुलांच्या पत्रावळ्या मागितल्या नाहीत. आजी हातात भात घेऊन थांबली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढे सरकली. चुलीकडे वळल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, धूर. म्हटलं ना, भारी शहाणी होते मी.

आता उरली काकूची एकच. काका, आजी, मी आणि ती चौथी.

मला काकू हवी होती. माझ्या वेण्या तीच घालायची. काकाला गोळी खाऊन ती दिसते, तर मलाही दिसेल, असा हिशेब करून मी आजीच्या गोळ्यांच्या डबीतली एक चोरली, गिळली आणि दुपारी माजघरात हात जोडून आडवी झाले. वाट पाहिली. एक पाल दिसली. बाकी तोंड तेवढं कडू झालं. दुसऱ्या दिवशी मी आजीवर पाळत ठेवली, तेव्हा कळलं की तिच्या खलात आता अफू नव्हतीच. (असती तर हे लिहायला मी उरले नसते, हे कळायला मात्र मला आणखी काही वर्षं लागली.) एवढं मोठं गुपित पोटात घेऊन मी फुगून फिरत होते.

त्याच सुमारास खानेसुमारी आली. घराघरावर गेरूनं आकडे पडले, कुलपांच्या घरांवरसुद्धा. माणसं लिहून घ्यायला आमच्याच शाळेचे मास्तर आले. आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात त्यांची हाक आली, म्हणून काका ओट्यावर गेला आणि त्याच्या मागून मी. भाषा कोणती, लिहिता-वाचता कुणाला येतं, हे मास्तरांनी विचारलं तेव्हा मी उत्तर न देता नुसती शाईची बोटं पुढे केली. ते हसले.

"मनेयल्लि एष्टु जन?" त्यांनी काकाला विचारलं. घरात माणसं किती?

"चार," काका म्हणाला.

मास्तरांसमोर घराचं गणित चुकतंय हे मला सोसेना. मी म्हटलं, "तीन! काका, काकू मेली ना. आणि तुमच्या गोळीत आता अफूसुद्धा नाही. मी खाऊन बघितलीय."

मास्तरांची लेखणी थांबली. त्यांनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

काका आत आला. त्याला जांभई आली, मग नाक गळू लागलं. महिनाभर अंगात अफू नव्हती, पण कळल्या क्षणी अंग थरथरायला लागलं.

"आई, खरं?"

"खरं," आजी म्हणाली.

त्यानं पागोटं उचललं आणि तो बाहेर पडला. आजी दारापर्यंत गेली, दाराला धरून खाली बसली. तिचे गुडघे तिला उंबऱ्यापलीकडे नेत नसत.

"अगं सटवे, तो जुन्या मापानं खाईल. त्याच्या अंगाची सवय आता सुटलीय, तेवढी सोसायची नाही. तो टोकाचा टांगेवाला असाच गेला, आठवतंय? बरा झाला म्हणून सगळ्यांना मिठाई वाटली, पुन्हा एकदा घेतली आणि झोपला तो झोपलाच. जा, धर त्याला. रड, लोळ, काय वाटेल ते कर!"

मी अनवाणी धावले. वाटेत मोठं भाषण तयार केलं, त्यात देव होते, आजीचं म्हातारपण होतं. दुकानाच्या पायरीवर काका बसला होता. तळहातावर पानात बांधलेली पुडी, अजून न सोडलेली. तो तिच्याकडे नाही, शेजारच्या मोकळ्या पायरीकडे बघत होता, कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखा. माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. धाप लागलेली. जे खरं होतं तेच तोंडातून आलं. "काका, मला भूक लागलीय."

त्यानं मूठ मिटली. मग उठला. सबंध रस्ता पुडी त्याच्या मुठीत होती आणि मी त्याच्या मुठीला लटकलेली.

त्यानंतर त्यानं कधीच घेतली नाही असं मी लिहिणार नाही. एकदा घसरला, आजीनं पुन्हा खल काढला. पण तो जगला, घोड्यांत परत गेला, माझ्या लग्नात अक्षता टाकल्या. आणि आता मी तेव्हाच्या आजीपेक्षा म्हातारी आहे. नातवंडं जेवायला बसली की डोकी मोजते, तर एखादं जास्तच भरतं. अफू नाही, काही नाही. मी कुणाला सांगत नाही, घरात शाळेत जाणाऱ्या शहाण्या मुली आहेत.

त्या दिवशी आजी दारातच बसून होती. काकानं पुडी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली.

"उद्या मागशील."

"मागेन."

"देणार नाही."

"नको देऊस."

तिनं भात पुन्हा गरम केला. पत्रावळ्या मांडल्या, नेहमीच्या चारही. मी मार खायच्या तयारीनं कोपऱ्यात उभी होते. काका त्या चौथ्या पानाकडे बघत बसला. मग त्यानं त्या पानासमोरची जागा हातानं झाडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"इकडे ये. इथं कुणी नाही म्हणालीस ना? मग तू बस."